डेल्फ्टचा प्रोफेसर

नाही नाही, उठू नका ताई, बसा. त्यांना अजून तासभर तरी लागणार आहे. आत माझं काही काम नाही — आत हेडफोन देतात, ते मराठी बोलत नाहीत पण माझ्यापेक्षा बरं बोलतात — आणि तुमचा टूर मॅनेजर आहे की त्यांच्याबरोबर, तो वेदांत, झेंडा धरून. लोकल गाईडनं म्युझियमच्या बाहेर थांबायचं, असा नियमच आहे आमच्यात. आणि तुम्हाला एकटीला या बाकावर बसवून मी कॉफी प्यायला गेलो तर उद्या कंपनीकडे तक्रार, की गाईडनं गुडघेदुखीच्या बाईंना परक्या गावात उन्हात सोडलं. तुम्ही नाही करणार, दिसतंय ते. पण तुमच्या बसमध्ये करणारे आहेत. ते सहाव्या रांगेतले गृहस्थ, सकाळी आठपासून मला विचारतायत, ट्यूलिप कुठायत. ट्यूलिप गेल्या आठवड्यात संपले, बागेला कुलूप लागलं — ते काय मी लावलं? तरी हसून सांगायचं. या धंद्यात हसून सांगावं लागतं सगळं. सकाळी पवनचक्क्या, मग चीज कसं करतात ते, मग लाकडी बूट, मग पनीर आणि जिरा राईस, मग राजवाडा बाहेरून, मग बोट, मग हे म्युझियम, की साडेपाचला बस. साडेसातशे वर्षांचं ॲमस्टरडॅम, एका दिवसात. पंधरा वर्षं हेच करतोय मी. हाच रस्ता, हेच विनोद. राजवाड्याखाली तेरा हजार सहाशे एकोणसाठ लाकडी खांब आहेत असं मी सांगितलं ना — लोक माना हलवतात, आणि खाली उतरल्यावर विचारतात, इथं टॉयलेट कुठंय.

तुमचे मिस्टर मात्र फार बारकाईनं बघतात हो. पवनचक्कीपाशी सगळे सेल्फी काढत होते आणि हे आपले खाली वाकून ते लाकडी मळसूत्र बघत होते, पाणी वर चढतं कसं ते. दहा मिनिटं तिथंच. मला म्हणाले, गाईडसाहेब, याचा कोन किती असेल हो? मी म्हटलं, तीस अंश. म्हणाले, तीसच असायला पाहिजे. इरिगेशनमधले ना ते? — नाही, कुणी सांगितलं असं नाही, म्हणजे बसमध्ये कुणीतरी म्हणालं असेल. असा कोन विचारणारा माणूस दुसरीकडे कुठं नोकरी करणार. तब्येत बरी असते ना त्यांची? जरा जिना चढून थांबत होते. शुगर आहे? — अच्छा. वडिलांनाही होती. आणि चष्मा कधीपासनं लागला, आधी तर —

आधी म्हणजे काय. जाऊ दे.

आता बोललोच आहे तर. ओळखतो मी त्यांना, वहिनी. नीळकंठ हरिहर बोडस. यादीत अकरावं नाव त्यांचं, बारावं तुमचं. गेल्या बुधवारी सत्तावीस नावांची यादी आली आणि मी इथनं जवळच, हार्लेमला आमच्या स्वयंपाकघरात उभा राहून ती वाचली, आणि गॅसवरचं दूध उतू गेलं. या छातीवरच्या बिल्ल्यावर जाऊ नका. डॅन वगैरे काही नाही. इथल्या लोकांना दामोदर म्हणता येत नाही, म्हणून डॅन. दामू. सांगलीचा दामू. ऐकलं असेल तुम्ही नाव — ऐकलंय, मला माहीत आहे, दुपारी बोटीतसुद्धा ऐकलंत. टोपी काढली तर याहून काही कळणार नाही, केस राहिलेत कुठं. तेव्हा एवढी झुलपं होती, नीळू म्हणायचा, तुझ्या डोक्यात काही शिरत नाही ते केसांमुळं.

माझं घर सांगलीतच, पण अभ्यासासाठी म्हणून कॉलेजजवळ विश्रामबागेत खोली होती आमची. खाली सायकलचं दुकान, वर आम्ही. चार वर्षं बी.ई., मग दीड-दोन वर्षं एम.ई., एका स्टोव्हवर दोघांचा चहा. हुशार तो. मी घोकणारा. परीक्षेच्या आदल्या दिवशी तो मला शिकवायचा आणि मग स्वतःचं वाचायला बसायचा, आणि तरी त्याला माझ्यापेक्षा तीस मार्क जास्त. हे मी त्याचं कौतुक म्हणून सांगत नाही. अशा माणसाबरोबर एका खोलीत राहून बघा तुम्ही. तुम्ही तर राहताच, पण तुमचं वेगळं. तो चिडत नाही, मिरवत नाही, तुमचा टॉवेल वाळत घालतो — काय राग धरणार त्याचा? आणि धरायचा तर असतोच. मग नव्याण्णव साली इथल्या डेल्फ्टच्या विद्यापीठात जागा निघाली. पाण्यातला गाळ कसा वाहतो त्यावर पीएचडी, सगळा खर्च त्यांचा, भारतातनं एक मुलगा. आम्ही दोघांनी अर्ज केले, दोघांच्या मुंबईला मुलाखती झाल्या. आणि माझा नंबर लागला. मी आलो. तो इरिगेशनमध्ये चिकटला. झालं. सरळ गोष्ट आहे.

आल्यावर सहा महिन्यांत कळलं मला, की ही जागा माझी नव्हे. मोठी प्रयोगशाळा, काचेचा लांब पाट, त्यातनं पाणी सोडायचं, वाळूचा कण नि कण मोजायचा. बाकीची पोरं त्या पाटाकडे बघून बोलायची, मी वहीकडे बघून बोलायचो. घोकून तिथं चालत नाही. चार वर्षांचा करार संपला, तिथल्या सरांनी वरनं सहा महिने दिले, भला माणूस होता, शेवटी म्हणाला, दामोदर — त्याला येत होतं म्हणायला, दामोदर — प्रत्येकानं हे पूर्ण केलंच पाहिजे असं नाही. इतक्या प्रेमानं म्हणाला की मी सायकल स्टेशनवरच विसरलो आणि चालत घरी गेलो. तेव्हा नुकतं लग्न झालेलं. अश्लेषा डॉक्टर होणाऱ्या माणसाशी लग्न करून आली होती. मग एका सॉफ्टवेअर कंपनीत पाच वर्षं, मग मंदीत तीही गेली, मग एक वर्ष गोदामात खोकी. मग कुणीतरी म्हणालं, मराठी ग्रुप यायला लागलेत, मराठी बोलणारा गाईड पाहिजे.

आणि प्रोफेसर कसा झालो, ते विचारा ना. तुमच्या मनात तेच आहे. मी कुणाला खोटं सांगितलं नाही हो. आईनं फोनवर विचारलं, आता काय करतोस बाबा? मी म्हटलं, आता गाईड आहे. आपल्याकडे पीएचडीच्या सरांना काय म्हणतात? गाईड. ती मास्तरांची मुलगी. तिनं विचारलं, किती मुलं आहेत तुझ्या हाताखाली? मी म्हटलं, असतात तीस-पस्तीस. एका वेळी? — एका वेळी.  मग म्हणाली, तुझ्या वडलांनी बघायला हवं होतं. आता सांगा, त्यावर मी काय म्हणणार होतो? की नाही आई, मुलं नव्हेत, म्हातारी माणसं असतात, त्यांना मी लाकडी बूट दाखवतो? दुसऱ्या दिवशी गल्लीत पेढे. गेली ती चार वर्षांपूर्वी, तर भावानं पेपरात निधनाची बातमी दिली, खाली मुलांची नावं — प्रा. डॉ. दामोदर, नेदरलँड्स. कात्रण पाठवलं मला. अश्लेषानं वाचलं, घडी घातली, फ्रिजवर ठेवलं.  ती नोकरी करते, चांगल्या हुद्द्यावर आहे, घर तिच्या पगारावर चालतं, आणि त्याबद्दल ती कधीही बोलत नाही, हेच बोलणं. मुलगी मात्र बोलते. स्वानंदी, सोळा वर्षांची. मराठी सगळं कळतं तिला, उत्तर डचमध्ये देते. एकदा सांगलीहून फोन आला, सर आहेत का म्हणून विचारलं कुणीतरी, तर मला रिसीव्हर देताना म्हणाली, बाबा, फोन त्या दुसऱ्या बाबाला आहे, प्रोफेसर बाबाला.

तर नीळूला हे आईकडनंच कळलं. तो जायचा आमच्याकडे दर दिवाळीला, मी गेलो नाही तरी तो जायचा. आणि दोन महिन्यांपूर्वी त्याचा मेसेज आला. तुम्हाला माहीतच असेल, तुमच्या समोरच टाईप केला असेल. दामू, रिटायरमेंटच्या आधी एकदा युरोप बघून घेतोय, सुमेधाही आहे, एक दिवस ॲमस्टरडॅमला, भेटशील का? तीन दिवस उत्तर दिलं नाही मी. मग लिहिलं, अरे, नेमका त्या आठवड्यात लिस्बनला कॉन्फरन्स आहे. लिस्बन कुठनं सुचलं काय माहीत. त्यानं अंगठा पाठवला. आणि मग बुधवारी यादी. टाळता आलं असतं मला. आजारी पडता आलं असतं, दुसरा गाईड मिळाला असता, ओढूनताणून मिळाला असता. नाही टाळलं. का नाही टाळलं — रात्रभर विचार केला त्याचा, उत्तर असं आहे की मला त्याला बघायचं होतं. त्यानं मला नाही बघायचं, मी त्याला बघायचं. टोपी घातली, गॉगल लावला, आणि सकाळी हॉटेलच्या दाराशी बसच्या पायरीपाशी उभा राहिलो. तो चढला, हातात हात दिला, गुड मॉर्निंग म्हणाला, चेहऱ्याकडे बघितलं माझ्या, आणि वर जाऊन बसला. ओळखलं नाही. सुटलो असं वाटलं मला. आणि — खोटं कशाला बोलू — रागही आला. सहा वर्षं एका खोलीत झोपलो, आणि एक टोपी घातली तर ओळख पुसली?

मग बोट. तुम्ही त्याच्या शेजारीच होतात, तुम्ही ऐकलंत. पण तुम्ही त्याच्या तोंडाकडे बघत ऐकलंत, मी पाठमोरा उभा राहून ऐकलं. मी माईकवर सांगत होतो, ही घरं पुढं झुकलेली का, वर ते लोखंडी हूक कशाला, सामान कसं ओढून घ्यायचे. तेवढ्यात ते ट्यूलिपवाले त्याला म्हणाले, काय बोडस, तुमचं कुणी नाही का इकडं? आताशा प्रत्येकाचं कुणीतरी असतंच. तो म्हणाला, आहे ना. माझा मित्र आहे डेल्फ्टला. प्रोफेसर आहे. मी माईक बंद केला.  ते म्हणाले, मग भेटायला नाही आला तो? तर हा म्हणतो, तो लिस्बनला गेलाय हो, कॉन्फरन्सला. मोठ्या माणसांना वेळ कुठं असतो. आणि सगळे हसले, चांगल्या मनानं हसले. मला वाटलं, संपलं आता. तर पुढं सांगायला लागला. म्हणाला, गंमत म्हणजे ती जागा आधी मला मिळाली होती. वडिलांना अर्धांगाचा झटका आलेला, मी गावी. आमचे विभागप्रमुख सर लुनावर बसून एवढे तीस किलोमीटर गावी आले, मला म्हणाले, नीळकंठ, तुझी निवड झालीय, पत्र खोलीवर गेलंय, एकवीस दिवसांत होकार कळवायचा आहे. मी सरांना म्हटलं, सर, वडिलांना असं टाकून मी जाऊ शकत नाही, वेटिंगवर दामू आहे, त्याला जाऊ द्या. फक्त त्याला हे कळू देऊ नका. कळलं तर तो जायचा नाही.

कळलं तर तो जायचा नाही.

थांबा, एक मिनिट. काही नाही, ऊन आहे डोळ्यांवर.

मघाशी मी म्हटलं ना, माझा नंबर लागला, सरळ गोष्ट आहे. नव्हती सरळ. ते पत्र माझ्या हातात पडलं होतं, वहिनी. जून महिना, सकाळची वेळ, नीळू गावी, पोस्टमननं खालून हाक मारली. जाड पाकीट, परदेशी तिकीट, वर त्याचं नाव. मी ते उघडलं. नुसतं बघायला म्हणून उघडलं, असं मी स्वतःला सांगितलं, त्याला काही वाईट बातमी असली तर आधीच कळलेली बरी. वाचलं. गाडी पकडून त्याच्या गावी जायला दीड तास लागला असता. दुसऱ्या दिवशी जाऊ म्हटलं. दुसऱ्या दिवशी म्हटलं, त्याच्या घरी आजारपण, आत्ता कुठं त्याच्या डोक्याला त्रास. पाच दिवस ते पाकीट ट्रंकेत, कागदाखाली. सहाव्या दिवशी आयर्विन पुलावर गेलो, चार तुकडे केले आणि कृष्णेत टाकले. पाणी कमी होतं, एक तुकडा खडकाला चिकटून बसला, तो सुटेपर्यंत मी तिथं उभा होतो. मग एकवीस दिवस झाले, मग महिना झाला, मग माझं पत्र आलं. नीळू गावाहून आला, मला मिठी मारली, बाजारात जाऊन माझ्यासाठी सूटकेस घेऊन आला. ती सूटकेस घेऊन मी या देशात उतरलो.

हे कुणाला माहीत नाही. अश्लेषाला नाही. आज सव्वीस वर्षं झाली. मी त्या काचेच्या पाटापुढं बसायचो ना, आणि काही सुचायचं नाही, तेव्हा मला दिसायचं की नीळू असता तर त्याला दोन मिनिटांत सुचलं असतं. मी नापास झालो ते माझं मला झालो, त्यात काय, जगात माणसं नापास होतात. पण मी त्याच्या जागेवर बसून नापास झालो. म्हणून गेलो नाही सांगलीला. आईच्या शेवटच्या दिवसांत नाही गेलो, तिकीट मिळत नाही म्हटलं. गेलो असतो तर दारात तो उभा असता, खांद्यावर हात ठेवायला.

आणि आज दुपारी तो बोटीत बसून, खारे दाणे खात, लोकांना सांगतो की ती जागा त्यानंच मला दिली होती. म्हणजे मी जे चोरलं ते मला आधीच दिलेलं होतं. सव्वीस वर्षं मी ज्या चोरीखाली वाकलो, ती चोरीच नव्हती, एका भल्या माणसानं केलेलं दान होतं. तुम्हाला वाटेल, बरं झालं, सुटला बिचारा. नाही वहिनी.  अहो, निदान चोर तरी होतो मी. आयुष्यात एकच गोष्ट स्वतःच्या हातानं केली होती, वाईट होती पण माझी होती. तीही त्याची निघाली. आणि पुढचं ऐका — सर म्हणाले ना त्याला, पत्र खोलीवर गेलंय. खोलीवर कोण होतं? मीच. मग तो परत आल्यावर वाट बघत असणार, की दामू आता सांगेल, तुझं पत्र आलं होतं. मी एक शब्द बोललो नाही. म्हणजे त्याला तेव्हाच कळलं. सूटकेस आणली तेव्हा माहीत होतं त्याला. दर दिवाळीला आईकडे जात होता तेव्हा माहीत होतं. हे मला बोटीत, त्या तिसऱ्या पुलाखाली कळलं. आणि मी माईक चालू केला आणि पुढचं सांगितलं, उजवीकडे बघा, गावातलं सगळ्यात अरुंद घर.

तुम्ही त्याला सांगू नका, एवढीच विनंती आहे. मी इथं आहे, मी हा आहे, काही सांगू नका. तासाभरात बस निघेल, उद्या तुम्ही ब्रसेल्सला. त्याच्या मनातला तो डेल्फ्टचा प्रोफेसर तेवढा राहू दे. त्यानं एका माणसासाठी काही सोडलं आणि तो माणूस मोठा झाला, एवढं तरी त्याच्या पदरात राहू दे. मी लिस्बनला आहे. बरं का? मी लिस्बनला —

काय?

कधी?

सकाळी? चढतानाच?

नाही हो, कसं शक्य आहे, त्यानं नुसतं गुड मॉर्निंग — आवाजावरनं? माईकवर मी मंडळी म्हणालो, तेव्हा? आणि तुम्हाला काय म्हणाला? — 'हा दामू आहे, तू काही दाखवू नकोस, त्याला अवघड होईल.' असं म्हणाला. त्याला अवघड होईल.

म्हणजे दिवसभर. पवनचक्कीपाशी मला गाईडसाहेब म्हणाला. कोन विचारला. त्याला माहीत नव्हता कोन? त्यानं मला शिकवला होता तो कोन, वहिनी, एम.ई.च्या पहिल्या वर्षाला, स्टोव्हपाशी बसून. जेवताना मला म्हणाला, तुम्हीही बसा ना आमच्याबरोबर, आणि मी नको म्हटलं तर ताट वाढून आणून दिलं. मला वाटलं, चांगला पॅसेंजर आहे. आणि तो पाहत होता, मी टोपी कशी ओढतो, गॉगल कसा काढत नाही. आणि तुम्हीही पाहत होतात. आणि आत्ता, इथं, मी एवढं सगळं ओकत होतो तर तुम्ही — तुमचा गुडघा तरी दुखतोय का खरंच? की त्यानंच बसवलं तुम्हाला माझ्यापाशी?

नको, ते नका सांगू. आणि असं बघू नका माझ्याकडं. चारचौघांत त्यानं माझी टोपी काढून दोन थोबाडीत दिल्या असत्या तर मी आज मोकळा होऊन घरी गेलो असतो. मुलीला सांगितलं असतं. हे काय करायचं मी घेऊन, हा चांगुलपणा? कुठं ठेवायचा? कॉलेजात टॉवेल वाळत घालायचा, आता लाज वाळत घालतोय माझी.

म्हणजे ती बोटीतली गोष्ट माझ्यासाठी होती. ट्यूलिपवाल्यांसाठी नव्हतीच. माझ्या पाठीला सांगत होता तो.

एक विचारतो. एवढंच सांगा, मग मी काही बोलत नाही. सर खरंच आले होते का, गावी, लुनावर? तुमचं लग्न नंतर झालं, पण तुम्ही त्या घरात नांदलात, सासऱ्यांचं अंथरुणातलं सगळं केलंत, अशी गोष्ट घरात एकदा तरी निघालीच असणार. सर आले, आणि त्यानं नको म्हटलं, असं खरंच झालं? की सर कधी आलेच नाहीत — आणि तो वडिलांच्या उशाशी बसून एकवीस दिवस पोस्टमनची वाट बघत होता, कारण त्यानं पत्त्याला खोली लिहिली होती आणि खोलीवर मी होतो, मी आणून देणारच असं धरून — आणि मग पुढं कधीतरी, सर रिटायर झाल्यावर म्हणा, कुणाच्या लग्नात म्हणा, त्याला कळलं? आणि आज त्यानं माझी पाठ बघितली आणि जागच्या जागी सर रचले, लुना रचली, तीस किलोमीटर रचले? कारण पहिलं खरं असेल तर मी नीच आहे, पण त्याचं काही गेलं नाही. आणि दुसरं असेल तर —

हो की नाही, एवढंच सांगा वहिनी.

खाली का बघताय?

बरं. राहू दे. नका सांगू. ते आले बघा बाहेर सगळे, पायऱ्यांवर उभा आहे तो, हात करतोय. तुम्हाला करतोय. जा तुम्ही. जा.